नवी सुई, जुनी सुई आणि ताई

गेल्या खंडेनवमीला मी माझ्या टर्नटेबलला हळदकुंकू वाहिलं आणि त्याची सुई वाकवून ठेवली. हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे आधी हसले. हसण्यासारखंच आहे ते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेला, देवाधर्माची येता-जाता टिंगल करणारा माणूस एके दिवशी यंत्राची पूजा करायला बसतो आणि नेमकं त्याच्या सगळ्यात नाजूक जागी ओलं बोट टेकवतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पूजा खरं तर ताईची असायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वडील लवकर गेले तेव्हा ती नुकतीच श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत लागली होती. आईला आणि मला तिनेच इथे आणलं, मला शिकवलं, कारखान्यात नोकरीला लागेपर्यंत माझ्या मागे उभी राहिली. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. मग आई गेली, आणि पुढे माझंही राहून गेलं; माझ्या बाबतीत त्याला काही कारणही नाही. तेव्हापासून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा एवढ्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. गेल्या श्रावणात साधा ताप म्हणून तिला दवाखान्यात नेलं ती घरी आली नाही.

खंडेनवमीला ती घरातल्या सगळ्या हत्यारांना न्हाऊ-माखू घालायची. शिवणयंत्र, मिक्सर, विळी, माझी स्कूटर, इस्त्री. आणि सगळ्यांत शेवटी माझं टर्नटेबल. त्याच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्याला ती कुंकवाचं एक बोट लावायची, पुढ्यात झेंडूचं फूल ठेवायची आणि मला बजावायची, "आज याला हात लावायचा नाही. आज त्याची सुट्टी." मी म्हणायचो, "सुट्टी पगारी की बिनपगारी?" दरवर्षी तोच विनोद, आणि दरवर्षी ती न हसता आत जायची.

यंदा सण करायचाच नव्हता. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, हे मला शेजाऱ्यांनी दोनदा येऊन सांगितलं. मला ते ऐकून बरंच वाटलं होतं, कारण सणाला एकटा माणूस काय करणार. पण नवमीच्या सकाळी बाजारात झेंडूचे ढीग लागलेले दिसले, सगळे जण ट्रॅक्टरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याला माळा घालत होते, आणि माझ्या मनात आलं की घरातल्या त्या यंत्रांनी काय घोडं मारलंय. पावशेर फुलं घेतली आणि घरी येऊन दार लावून घेतलं, कारण शेजाऱ्यांनी बघितलं असतं तर तिसऱ्यांदा आले असते. मिक्सर झाला, शिवणयंत्र झालं. टर्नटेबलाशी आलो तेव्हा डोळे भरून आले होते. ताई कुंकू कुठे लावायची ते चाळीस वेळा बघूनही मी कधी नीट बघितलं नव्हतं. मला वाटलं, यंत्राचं तोंड म्हणजे सुईचा भाग, तर कुंकू तिथेच लावायचं असणार. बोट टेकवलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. चष्मा पुसून बघतो तर सुईची काडी एका बाजूला कललेली आणि तिच्या मुळाशी ओल्या कुंकवाचा लगदा.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेकॉर्ड फिरते तिच्यावर एक दांडा टेकलेला असतो. दांड्याच्या टोकाला काड्यापेटीपेक्षाही लहान अशी एक डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. त्या डबीतून केसासारखी एक काडी बाहेर येते आणि काडीच्या टोकाला हिऱ्याचा एक कण चिकटवलेला असतो. तीच सुई. रेकॉर्डवरच्या खाचांतून तो हिरा चालतो, काडी थरथरते, डबी त्या थरथरीची वीज करते आणि पुढे त्याचं गाणं होतं. साध्या यंत्रात ही सुई पट्कन बदलता येते. माझी डबी भारीतली होती, परदेशी, तिच्यात सुई वेगळी निघत नाही. ती वाकली की दोनच रस्ते. एक तर नवी डबी घ्यायची, किंवा जुनी डबी अशा कारागिराकडे पाठवायची जो तिच्यात नवी काडी आणि नवा हिरा बसवून देतो. याला रिफर्बिश्ड म्हणतात. मोबाईलमुळे आता हा शब्द आमच्या मेन रोडवरच्या पोरासोरांनाही माहीत आहे.

या विषयावर जगात दोन पंथ आहेत. मी ज्या रेकॉर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे तिथे ते रोज सकाळी एकमेकांच्या उरावर बसतात. नव्याचे लोक म्हणतात, कंपनीने ज्या हातांनी बनवलं त्याच हातांचं हवं, दुसऱ्याने उघडलेली डबी म्हणजे उष्टं. जुन्याचे लोक म्हणतात, डबीतलं तारेचं काम पूर्वी जसं व्हायचं तसं आता होत नाही, काडी-हिरा बदला आणि आयुष्यभर ऐका. मी जन्मभर दुसऱ्या पंथात. त्याचं कारण कारखाना. साखर कारखान्यात नवं असं काही नसतं. हंगाम संपला की उन्हाळाभर सगळा कारखाना खोलायचा, ऊस पिळणारे रोलर झिजलेले असले की वेल्डिंगने भरून काढायचे, पुन्हा दात पाडायचे, पंप उघडून बसायचे, आणि दिवाळीला गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली की तीच जुनी यंत्रं नव्या दमाने ऊस गिळायला लागायची. ते बघून वाढलेल्या माणसाला दुरुस्त केलेल्या वस्तूची लाज वाटत नाही. त्यामुळे माझ्या यंत्राचा पट्टा नवा असला तरी मोटर दुरुस्त केलेली, दांडा कुणीतरी वापरून विकलेला, खालचं बेअरिंग पुण्याच्या एका म्हाताऱ्याने घासून दिलेलं. एक भाग आला की बसवायचा, ऐकायचा, पटला तर ठेवायचा.

आणि ऐकायची ताई. माझी पद्धत प्रयोगशाळेतली होती. रसाचा नमुना तपासताना तो कुठल्या गाडीचा हे तपासणाऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे मनाचे खेळ होत नाहीत. तसं मी ताईला काय बदललं ते कधी सांगत नसे. भाग बसवायचा, नेहमीची जलतरंगाची रेकॉर्ड लावायची आणि हाक मारायची, "ताई, जरा ये गं." ती हात पुसत यायची, माझ्या समोरच्या वेताच्या खुर्चीत बसायची, थोडा वेळ ऐकायची आणि निकाल द्यायची. "आज मोकळं वाटतंय." किंवा "नाकात बोलतंय रे हे." किंवा "परवाचं बरं होतं." बस्स. तेवढ्यावर मी भाग ठेवायचो किंवा परत पाठवायचो. एकदा तर मुंबईच्या एका दुकानदाराला मी नवीन कोऱ्या वस्तूबद्दल खरमरीत मेल लिहिली होती की यातून आवाज नाकात येतो, आणि त्याने निमूटपणे ती परत घेतली होती. शाळेत तिने गाणं शिकवलं नाही, गणित शिकवलं, पण तिचा कान पक्का आहे यावर माझा प्रयोगशाळेतल्या काट्यावर असतो तसा विश्वास होता.

एरवी आमच्यात फारसं बोलणं होत नसे. गॅस संपत आलाय, नळाला पाणी आलंय, लाइटचं बिल भर. भांडणही नसे. दोघंही आपापल्या जागी शांत होतो, असं मला वाटायचं.

ती गेल्यावर घरात आवाज कमी झाला असं लोक म्हणतात तसं मला म्हणता येत नाही, कारण ती मुळात फार आवाज करत नसे. पण रेकॉर्ड लावली की मला ती बंद खोलीतून आल्यासारखी वाटायची. जलतरंगाच्या वाटीवर काडी पडल्याचं ऐकू यायचं, पण मागे जो नाद राहतो तो नसायचा. खंडेनवमीआधीच हे सुरू झालं होतं. सुई वाकली तेव्हा मला वाईट वाटलंच, पण मनात असंही आलं की बरं झालं, आता निमित्त मिळालं. सुई नीट करायची आणि ताई असताना घरात जो आवाज होता तो परत आणायचा. मला दुसरं काही नको होतं. माणूस परत आणता येत नाही हे कळण्याइतकी अक्कल मला आहे, पण आवाज तर यंत्रातून येतो, आणि यंत्र दुरुस्त होतं.

बंगळूरला एक गृहस्थ अशा डब्या उघडून दुरुस्त करतात. मी फोन केला, त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कुंकू लागलं. मग ते हळूच म्हणाले, "आयुधपूजा?" त्यांच्याकडेही दरवर्षी एक-दोन अशा येतात म्हणे; एकाने तर सुईला चंदन लावलं होतं. त्या दिवसांत तेवढं एकच संभाषण मला आवडलं.

डबी गेली आणि घर अगदीच मुकं झालं. तेवढ्यात इकडे गळीत हंगाम सुरू झाला. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या आणि गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या कठड्यावर जळलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी भुरकी पडायला लागली. रेकॉर्डला या भुरकीचं वावडं. ताई हंगामभर टर्नटेबलावर तिची एक जुनी सुती साडी चौघडी करून टाकायची. मी ती साडी शोधली, सापडली नाही, म्हणून टॉवेल टाकला. संध्याकाळी त्या टॉवेलाकडे बघत बसायचो. टीव्ही मला सोसत नाही आणि पेपर सकाळीच वाचून होतो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. कुणाशी बोलावं तर विषय एकच, दुरुस्त केलेली सुई बरी की नवी, आणि तो ऐकायला श्रीरामपुरात कुणीही मोकळं नव्हतं.

डबी आली ती फिरत फिरत आली. जिल्ह्याचं नाव बदललंय, कुरियरवाल्यांच्या कॉम्प्युटरात कुठे जुनं आहे, कुठे नवं, त्यात ती कुठेतरी अडकून पडली होती. आली तेव्हा ती देव्हाऱ्यासमोर ठेवून उघडायचं तेवढं मी बाकी ठेवलं. काम सुरेख झालं होतं. काडी सरळ, हिरा झळझळीत, कुंकवाचा मागमूस नाही. बसवली, लहान काट्यावर दाब मोजून लावला, जलतरंग सुरू केला आणि खुर्चीत बसलो.

तोच बंद खोलीतला आवाज. वाटीवर काडी पडते, नाद नाही.

मी पुन्हा मोजमाप केलं. कोन बघितला, तारा बघितल्या, रेकॉर्ड धुतली. फरक शून्य. मग माझ्या मनात पहिल्यांदा नव्याच्या पंथाचा किडा वळवळला. उगाच का लोक उष्टं म्हणतात, असं वाटायला लागलं. पण खात्री कशी करायची? विचारायचं कुणाला?

स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना विचारलं. मावशी मूळच्या शेवगावकडच्या. घरची माणसं दर हंगामाला ऊसतोडीला जातात, त्यांचे गुडघे गेले म्हणून त्या इथे लेकीकडे राहून चार घरची कामं करतात. मी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवायला गेलो, तर त्या बसल्या नाहीत, दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी रेकॉर्ड लावली.

"कसं वाटतंय, मावशी?"

"चांगलं हाय की."

"तसं नाही. आवाज मोकळा येतोय का कोंडल्यासारखा?"

त्यांनी पदर कानामागे सारून नीट ऐकलं. "वाट्या वाजवत्यात न्हवं? आमच्यात म्हातारं मानूस जेवन मागताना वाजवतं तसं वाटतंय. लई लांबलंय पन."

"पण मोकळं की कोंडलेलं?"

"मला न्हाई बा त्यातलं कळत. तुमी दुपारची भाकर तशीच ठिवली त्ये आदी सांगा. रोज रोज असं करताय. ताई असत्या तर टाकली असती व्हय?"

मी म्हटलं, भूक नव्हती. त्यांनी भाकरी कुस्करून दुधात घालून माझ्यापुढे ठेवली आणि मी खाईपर्यंत तिथेच भांडी घासत बसल्या. चौकशी करायला गेलो ते अशा रीतीने माझीच झाली.

शेवटी नवी डबी मागवली. त्याच कंपनीची, आताच्या काळातली. किती पडली ते सांगत नाही, पण ताई असती तर सांगायला मी घाबरलो असतो एवढी पडली. ती मात्र तडक आली, मखमलीच्या खोक्यात, वर कुणाच्यातरी सहीचं कार्ड. जुन्या पंथाचा माझा धर्म मी असा भर हंगामात बुडवला. बसवली. जलतरंग लावला.

काडी पडते, नाद नाही.

पुढचा महिना-दीड महिना मी काय केलं ते लिहायची लाज वाटते. सकाळी नवी बसवायची, संध्याकाळी जुनी. कधी डोळे मिटून, कधी कानामागे हात धरून, कधी स्वयंपाकघरात ताई जिथे उभी असायची तिथे उभं राहून. एकदा नवीच बरी वाटायची, एकदा जुनीच. दोघींत फरक आहे असं कागदावर खात्रीने लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी उलटं वाटायचं. प्रयोगशाळेत असा नमुना आला असता तर मी म्हटलं असतं, नमुना ठीक आहे, काटा तपासा. तेच मी स्वतःला म्हणायला मात्र संक्रांत उजाडली.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटण दाबलंच नाही, कारण मला वाटलं तपासणी सुरू व्हायचीय. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. रेघ निम्म्यापर्यंत बरी चालली होती आणि मग घाटातून कोसळावी तशी खाली गेली होती.

"वरचे सूर तुम्हाला येतच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मिलमध्ये होता का कुठे?"

"प्रयोगशाळेत. पण नमुने घ्यायला मिलमध्ये जावं लागायचं."

"तेच. आणि हे काही आजचं नाही. बरीच वर्षं झाली असतील. घरात कुणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, घरात कुणी नाही.

रिक्षात बसून घरी येताना मला काय वाटलं ते सांगतो, वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. मला समाधान वाटलं. दोन्ही सुया चांगल्या होत्या, बंगळूरच्या गृहस्थांचं काम चांगलं होतं, कंपनीचं नाव खरं होतं. बिघाड फक्त माझ्यात होता. आणि इतकी वर्षं माझे कान गेलेले असूनही माझं यंत्र गावात नंबर एक होतं, ते कुणामुळे? ताईमुळे. मोटर, दांडा, बेअरिंग, प्रत्येक भाग तिच्या कानाने पारखलेला होता. मी नुसता पाना फिरवणारा, कान तिचा. घरातला तो आवाज का हरवला हेही मग मला उलगडलं, निदान तसं वाटलं. ऐकणारी ती होती, मी तिच्या ऐकण्यावर जगत होतो. असं असेल तर हरकत नाही, असं मी म्हणालो, चक्क मोठ्याने, रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

ताईची एक मैत्रीण आहे. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या, ही इंग्रजी, ताई गणित. चर्चच्या मागच्या गल्लीत राहते, मी तिला बाई म्हणतो. ताई होती तेव्हा दर बुधवारी दोघी एकमेकींकडे जायच्या आणि दार लोटून तासन्‌तास बोलायच्या. माझ्याशी चार शब्द बोलणारी माझी बहीण तिथे काय बोलत असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कानाची तपासणी झाल्यावरच्या आठवड्यात बाई आल्या, ताईची काही पुस्तकं त्यांच्याकडे राहिली होती ती परत द्यायला. मी चहा केला. मला कुणालातरी हे सगळं सांगायचंच होतं, म्हणून कुंकवापासून आलेखापर्यंत सांगून टाकलं.

कुंकवाला त्या हसल्या. आलेखाला हसल्या नाहीत. "ते आम्हाला माहीत होतं, भाऊ," म्हणाल्या. "ती म्हणायची, घरात रातकिडे ओरडून माझं डोकं उठतं आणि हा शेजारी बसून म्हणतो, काय शांतता आहे."

"मला सांगितलं का नाही मग?"

उत्तराला मी थांबलोच नाही. मी माझ्याच भरात होतो. म्हटलं, "जाऊ दे. तिचा कान होता म्हणून निभावलं. तिने पारखून दिलेलं यंत्र आहे हे. तुम्ही ऐकाच." असं म्हणून मी उठलो, जलतरंग लावला आणि त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं.

त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. कपातल्या चहावरची साय त्यांनी बोटाने बाजूला केली. मग म्हणाल्या, "भाऊ, तिला त्यातलं काही कळत नव्हतं."

"कशातलं?"

"याच्यातलं. ती मला म्हणायची, अगं, मला सगळं सारखंच ऐकू येतं. वाटीवर काडी मारल्यावर वाटीचाच आवाज येणार. मी म्हटलं, मग तू सांगतेस काय त्याला? तर म्हणाली, मी त्याच्या तोंडाकडे बघते. खूश दिसला की मोकळं वाटतंय म्हणते. कपाळाला आठी दिसली की नाकात बोलतंय म्हणते."

मला आधी राग आला. खरंच आला. मुंबईच्या त्या दुकानदाराची नवी कोरी वस्तू आठवली, परत पाठवलेले सगळे भाग आठवले, ग्रुपवर मी ताठ मानेने मांडलेली मतं आठवली. इतकी वर्षं ताईने मला ताकास तूर लागू दिली नाही. माझ्याच चेहऱ्यावरचं मला वाचून दाखवत राहिली आणि मी त्याला कान म्हणत राहिलो.

"एकदा तरी खरं सांगून टाकायचं," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

"मी तेच म्हटलं होतं तिला. म्हटलं, ऐकू येत नाही त्याला आणि तुलाही त्यातलं कळत नाही, सांगून टाक आणि मोकळी हो, सारखं काय उठून जायचं." बाईंनी कप खाली ठेवला. "तर म्हणाली, नको गं. दिवसभरात तेवढीच एक हाक मारतो तो मला."

रेकॉर्ड फिरत होती. मला वाट्यांवर पडणाऱ्या काड्या ऐकू येत होत्या. यंत्राला नवी डबी लावलेली होती की जुनी, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. मी बाईंच्या समोर तसाच बसून राहिलो. मग म्हटलं, "आज कसं वाटतंय ते तुम्ही सांगा. माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवून म्हणाल्या, "मला नाही हो वाचता येत तुमचा चेहरा."